स्पेस माउंटन: अंतराळ जमलं, चढण आड आली

फ्लोरिडातल्या मॅजिक किंगडम या डिस्नेच्या पार्कमधलं स्पेस माउंटन, म्हणजे अंधाऱ्या इमारतीत धावणारा अंतराळाच्या थीमचा रोलरकोस्टर, 1975 पासून सुरू आहे. वेग सांगितला तर हसाल: ताशी साधारण 45 किलोमीटर. एवढ्या वेगात स्कूटरवर कुणी किंचाळत नाही. इथे माझ्यासकट अख्खी गाडी किंचाळत होती, आणि ते सगळं अंधाराचं काम.

उघड्यावरच्या रोलरकोस्टरवर डोळे आधीच चुगली करतात. पुढचं वळण दिसलं की मान ताठ होते, हात दांडा आवळतात. इथे काळोखात नुसते ताऱ्यांचे ठिपके. रूळ दिसत नाहीत, त्यामुळे वळण थेट अंगावर येतं. त्यात बसायचं एकामागे एक, म्हणजे शेजारच्याचा खांदाही धरायला नाही. छोट्या उतारांवर बूड सीटवरून जरासं सुटतं, तेव्हा जे होतं तेच अंतराळवीरांना सतत होत असतं. तेही पडतच असतात, म्हणून तरंगतात. याच रुळांवर जंगलाची किंवा समुद्री चाच्यांची सजावट चढवली असती तर तो नुसता वरवरचा रंग झाला असता.

बिनसतं ते चढणीवर. म्हणायचं रॉकेट आणि साखळीने कडकड करत वर ओढायचं, हे काही पटत नाही. वर टांगलेलं यान, त्यावर कामात गढलेले अंतराळवीरांचे पुतळे झकास आहेत, पण कान साखळीकडेच.

पॅरिसच्या डिस्नेलँडने 1995 मध्ये यावर फार सुरेख तोड काढली होती. जूल व्हर्नच्या कादंबरीत माणसं तोफेतून चंद्राकडे जातात. यांनी इमारतीबाहेर तशीच कोलंबियाड तोफ तिरकी उभी केली आणि गाडी तिच्या नळीतून वर उडवली. आत पुढे साधी चढण आहेच, पण सुरुवात अशी झाल्यावर ती कोण मोजतो! गंमत म्हणजे व्हर्नने आपली तोफ ठेवली होती फ्लोरिडात, आणि फ्लोरिडाच्याच वाट्याला साखळी आली. 2017 मध्ये पॅरिसने तिथे स्टार वॉर्स आणलं. गर्दी खेचायला बरं असेल, पण त्या तोफेचं आणि लेझरच्या लढाईचं नातं मला लागत नाही.

फ्लोरिडात जाणार असाल तर सगळ्यात पुढची सीट मिळते का ते विचारून बघा. समोर कुणाचं डोकं नसलं की काळोख पुरा मिळतो. पीपलमूव्हर नावाची संथ गाडी याच घुमटातून जाते, तिच्यात आधी बसू नका, नाहीतर आतलं गुपित आधीच फुटेल. मुलांची उंची किमान 112 सेंटिमीटर लागते.