गोव्यातलं स्थळ आलंय? सहीआधी घर, मालमत्ता आणि मुलांचा कायदा दोन्हीकडचा बघा

सावंतवाडी ते म्हापसा गाडीने तास-सव्वातास, पण बांद्याच्या पुढे पत्रादेवीला गोव्याची हद्द ओलांडली की नवरा-बायकोच्या मालमत्तेचा कायदाच बदलतो आणि आपल्याकडच्या बऱ्याच घरांना हे लग्न झाल्यावर कळतं. माझ्या मामेबहिणीचं म्हापशात ठरतंय, तिच्या नावावर कुडाळला छोटा फ्लॅट आहे, म्हणून गेले दोन आठवडे घरात हाच विषय, जे समजलं ते मांडतोय.

आधी मालमत्ता. महाराष्ट्रात हिंदू लग्न असेल तर ज्याच्या नावावर त्याचं. बायकोने नोकरी सोडून वीस वर्षं घर सांभाळलं आणि फ्लॅट नवऱ्याच्या एकट्याच्या नावावर घेतला, तर घटस्फोटात त्यात हिस्सा असा मागता येत नाही, पोटगी मिळते, एकरकमीही मिळते, पण किती ते कोर्ट ठरवणार. मला हे अन्यायाचं वाटतं. गोव्यात १८६७ चा पोर्तुगीज सिव्हिल कोड अजून चालतो, गोवा मुक्त झाल्यावर १९६२ च्या कायद्याने तो तसाच ठेवला. वेगळा करार नसेल तर तिथे आपोआप कम्युनियन ऑफ अॅसेट्स लागतं, म्हणजे लग्नाआधीचं, नंतरचं, वारशाने आलेलं, सगळं दोघांचं अर्धं-अर्धं. आयकरातही पगार सोडून बाकीचं उत्पन्न दोघांत निम्मं धरतात.

पण हे दोन्ही बाजूंनी लागतं हे विसरू नका, त्याचं तिला तसं तिचंही त्याला. आणि फ्लॅट महाराष्ट्रात आहे म्हणून सुटला असंही धरून चालू नका, २०१९ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की गोवेकराची गोव्याबाहेरची मालमत्ताही वारसाहक्कासाठी त्याच कोडखाली येते. अजून एक, मालकी अर्धी असली तरी कोडमध्ये कारभार नवऱ्याकडे दिलाय, हे मला अजिबात पटत नाही. फक्त घर-जमीन विकायची तर बायकोची संमती लागतेच.

राहत्या घराचं म्हणाल तर महाराष्ट्रात नावावर नसलं तरी २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने बायकोला सामायिक घरात राहायचा हक्क आहे, आणि २०२० ला सुप्रीम कोर्टाने सासू-सासऱ्यांच्या नावावरचं घरही त्यात येऊ शकतं असं सांगितलं. हा कायदा गोव्यातही आहेच. पण हा राहायचा हक्क, मालकीचा नाही, हा फरक डोक्यात पक्का ठेवा.

मुलांचं थोडक्यात. लग्नात जन्मलेलं मूल दोन्हीकडे औरस, म्हणजे कायद्याने आईबापांचं हक्काचं मूल, त्यावर सहसा कोर्ट डीएनए टेस्टलाही पटकन हो म्हणत नाही. लग्नच रद्दबातल ठरलं, म्हणजे पहिली बायको हयात असताना दुसरं केलं वगैरे, तरी महाराष्ट्रात हिंदू विवाह कायद्याच्या कलम १६ ने मुलं औरसच, आणि २०२३ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की वडिलोपार्जित मालमत्तेत बापाच्या वाट्याला जे आलं असतं त्यातही त्यांना हिस्सा आहे. पोराचा काय दोष असतो त्यात. गोव्याच्या कोडमध्ये आईबापांनी नंतर लग्न केलं तर आधीचं मूलही औरस होतं. मुलांसाठी गोव्यात अजून एक मोठी गोष्ट, बाप मृत्युपत्र करून सगळं तिसऱ्याला देऊ शकत नाही, त्याच्या वाट्यातलं अर्धं मुलांसाठी राखीव असतं. महाराष्ट्रात स्वकमाईचं सगळं कुणालाही लिहून देता येतं.

मग ठरवायचं कसं? मुलीच्या नावावर काही नाही आणि ती नोकरी सोडणार असेल तर गोव्याचा आपोआप लागणारा नियम तिच्या फायद्याचा, हात लावू नका. तिचं स्वतःचं घर असेल किंवा नवऱ्याचा धंदा कर्जावर चालत असेल तर लग्नाआधी करार करा, गोव्यात तो चालतो (महाराष्ट्रात हिंदू लग्नात असा करार कोर्टात टिकणं अवघड). त्यात पूर्ण वेगळं ठेवता येतं, किंवा आधीचं ज्याचं त्याचं आणि लग्नानंतरचं दोघांचं असंही करता येतं, आम्हाला हेच बरं वाटलं. मात्र हे नोटरीकडे रीतसर आणि लग्नाच्या आधीच व्हायला हवं, नंतर बदलता येत नाही.

गोव्यात सिव्हिल रजिस्ट्रारकडे दोनदा जावं लागतं, आधी लग्न करणार असं जाहीर करायचं, मग काही दिवसांनी पक्की सही. बहिणीची पहिली खेप पुढच्या महिन्यात आहे, नोटरीकडे आम्ही त्याच्याही आधी जाणार.