कॅनन की सोनी? रॉ एडिट करताना रंगांचं काय होतं

रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या सेन्सरने टिपलेल्या कच्च्या फाइलमध्ये, तयार रंग नसतोच, सेन्सरच्या प्रत्येक पिक्सेलवर लाल, हिरवा नाहीतर निळा फिल्टर असतो आणि बाकीचं सॉफ्टवेअर ठरवतं, म्हणून लाइटरूम या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये कॅनन आणि सोनी दोन्हींच्या फाइल अडोबी कलर या अडोबीच्या स्वतःच्या रंग-प्रोफाइलवर उघडल्या की फरक बराच कमी होतो. खरा फरक कॅमेरा मॅचिंग प्रोफाइल, म्हणजे त्या त्या कंपनीच्या रंगांची नक्कल करणारं प्रोफाइल, लावल्यावर कळतो. मंगेशीला लग्न शूट केलंत तर कॅननचं पोर्ट्रेट प्रोफाइल त्वचेला लालसर ऊब देतं, हळद लागलेली नवरी सुंदर दिसते, पण मागे लाल चिऱ्याची (जांभ्या दगडाची) भिंत असली की तीही भडकते, आणि ऑरेंजचं सॅच्युरेशन उतरवायला जावं तर चेहराच फिका पडतो, त्यामुळे मास्क (फोटोचा ठरावीक भाग निवडून तेवढाच एडिट करणं) फक्त भिंतीवरच करा. सोनीच्या जुन्या मॉडेलांत मला पिवळा-हिरवा झुकाव जाणवतो. पावसातल्या भातशेतीला तो शोभतो, चेहऱ्याला अजिबात नाही, टिंट (हिरवा-मजेंटा झुकाव बदलणारा स्लायडर) थोडा मजेंटाकडे घ्यावा लागतो. आणि प्लीज, दोन्हीकडे ऑटो व्हाइट बॅलन्स (उजेडाचा रंग कॅमेऱ्याने स्वतःच ठरवणं) ठेवून तुलना करू नका, ब्रँडचा वाटणारा बराचसा फरक तिथलाच असतो! एकाच लग्नात दोन्ही कंपन्यांचे कॅमेरे असतील तर त्याच उजेडात 24 चौकोनांच्या कलरचेकरचा (ठरलेल्या रंगांच्या कार्डाचा) फोटो दोन्हींवर घ्या आणि प्रोफाइल बनवा. माणसांसाठी मी मात्र कॅननच घेईन.