परसातलं घर: कॅलिफोर्नियात सोलर कुणाला लागतं, कुणाला नाही

आई-बाबा सहा महिन्यांसाठी येतात, जिना चढवत नाही, म्हणून बॅकयार्डमध्ये छोटं घर (इथल्या भाषेत एडीयू) बांधायचं ठरतं. कॉन्ट्रॅक्टरच्या कोटेशनमध्ये सोलर दिसलं की चर्चा तिथेच अडते. नव्या घरांना सोलरची सक्ती १ जानेवारी २०२० पासून आहे हे खरं, पण प्रत्येक एडीयूला ती नाही.

गॅरेजचं घर केलं किंवा मुख्य घराला खोल्या जोडल्या तर सोलर लागत नाही. प्रश्न मिटला. पण गॅरेजच्या फरशीला दाराकडे उतार असतो, ती सपाट करावी लागते, भिंतींत इन्शुलेशन भरावं लागतं. शिवाय दोन गाड्यांचं गॅरेज साधारण ४०० स्क्वेअर फूट, त्यात बेडरूम, बाथरूम आणि ओटा बसवायचा. दोन माणसांना पुरतं. पण नातवंडं दिवसभर तिथेच पडीक असणार, हे धरून चाला.

सुटं, नवं घर बांधलं तर सक्ती येते, आणि खरी गंमत इथे आहे. २०२५ अखेरपर्यंतच्या परमिट अर्जांना लागू असलेल्या २०२२ च्या ऊर्जा नियमांत सिस्टिमचा आकार सूत्राने निघायचा: क्षेत्रफळाचा एक भाग, अधिक प्रत्येक घरामागे एक ठरलेला आकडा. दोन्ही हवामान-विभागानुसार बदलायचे. उत्तर १.८ किलोवॉटच्या खाली आलं तर सोलर माफ असायचं. आता ७४९ स्क्वेअर फुटांचं घर घ्या (७५० च्या आत राहिलं की इम्पॅक्ट फी, म्हणजे नव्या बांधकामावरची स्थानिक फी, लागत नाही, म्हणून हा आकडा सगळ्यांचा लाडका). सनीवेल किंवा सॅन होजेत उत्तर यायचं १.६५, म्हणजे सुटलात. तेच घर टेकड्यांपलीकडे प्लेझंटन किंवा डब्लिनमध्ये बांधलं की १.८६, म्हणजे ४०० वॉटची पाच पॅनेल. सनीवेलला साधारण १,००० स्क्वेअर फुटांपर्यंत माफी मिळायची, प्लेझंटनला ६५० च्या आसपासच संपायची. त्यामुळे सनीवेलच्या मित्राचा अनुभव डब्लिनच्या माणसाने ऐकून घ्यावा, पण वापरू नये. १ जानेवारी २०२६ पासूनच्या परमिट अर्जांना २०२५ चे नियम लागतात, तेव्हा नकाशा पक्का करण्याआधी एनर्जी कन्सल्टंटकडून हिशोब ताजा करून घ्या.

पाच पॅनेल वाचवायला घरातून १०० स्क्वेअर फूट कापणं मला तरी पटत नाही. वॉकर घेऊन बाथरूममध्ये वळता यायला हवं, त्यासाठी ती जागा मोलाची. शेजाऱ्याच्या उंच रेडवुड झाडाची सावली दुपारी दोनलाच छपरावर येत असेल तर वेगळी सवलत आहे: चांगलं ऊन मिळणारा छपराचा सलग तुकडा ८० स्क्वेअर फुटांपेक्षा कमी असेल तर सोलर लागत नाही. आणि पॅनेल एडीयूवरच हवीत असंही नाही, मुख्य घराच्या छपरावर लावलेली चालतात.

तिसरा पर्याय ट्रकवरून येणारं तयार घर. इथे लोक फसतात, कारण 'प्रीफॅब' या एका शब्दाखाली दोन वेगळ्या गोष्टी विकल्या जातात. फेडरल मानकांनुसार बनलेलं मॅन्युफॅक्चर्ड घर सोलरमधून मोकळं. त्याच्या बाहेरच्या भिंतीवर लाल धातूची छोटी पट्टी असते. कारखान्यात बनलेलं, पण राज्याच्या बिल्डिंग कोडप्रमाणे असलेलं मॉड्युलर घर मात्र नव्या बांधकामातच मोजलं जातं. सही करण्याआधी यातलं नेमकं कुठलं मिळणार ते लेखी घ्या.

मुख्य घरावर आधीच सोलर असेल तर माझी खरी काळजी वेगळी. १४ एप्रिल २०२३ पर्यंत अर्ज केलेल्यांकडे जुनं नेट मीटरिंग आहे, त्यात ग्रिडला दिलेल्या विजेचा भाव चांगला मिळतो. त्याच सिस्टिममध्ये १० टक्के किंवा १ किलोवॉट, यातलं जे जास्त असेल त्याहून अधिक भर घातली तर तो जुना दर हातचा जाऊ शकतो. पाच पॅनेल म्हणजे २ किलोवॉट. अशा घरात एडीयूची पॅनेल जुन्या सिस्टिमला न जोडता कशी बसवता येतील, हे वीज कंपनीला आधी विचारा. आणि कोटेशनमध्ये अजून ३० टक्के फेडरल टॅक्स क्रेडिट वजा केलेलं दिसलं तर ते खोडायला लावा. घरमालकाने स्वतः विकत घेतलेल्या सोलरसाठी ते ३१ डिसेंबर २०२५ ला संपलं.