‘रात्रभर एसी’ आणि 150 अँपिअरची बॅटरी: उन्हाळ्यात कॅराव्हॅन भाड्याने घेण्याआधी

मे महिन्यातले सात दिवस. छत्रपती संभाजीनगरहून पैठण, अंबाजोगाई, औसा, नळदुर्ग असा रमतगमत प्रवास आणि मुक्काम भाड्याच्या कॅराव्हॅनमध्येच, म्हणजे झोपण्या-स्वयंपाकाची सोय असलेल्या गाडीत. भाडं रोजचं 9,000, म्हणजे 63,000 रुपये, वर 25,000 अनामत. जाहिरातीत चार गोष्टी ठळक होत्या: इंजिन बंद ठेवून रात्रभर एसी, 150 लिटर पाणी, मुक्कामाच्या ठरलेल्या जागा आणि ‘सगळी कागदपत्रं ओके’. चारपैकी एकही खरी निघाली नाही आणि अनामतीतले 2,540 रुपये परत मिळाले. यातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट ॲडव्हान्स देण्याआधी तासाभरात उघडी पडली असती. म्हणून ती कशी तपासायची, ते सविस्तर लिहितो आहोत.

आधी एसी, कारण मराठवाड्यात मे महिन्यात पारा 42-43 पर्यंत जातो आणि बंद पत्र्याची गाडी रात्री दहालाही भट्टीसारखी तापलेली असते. गाडीत होती 12 व्होल्ट 150 अँपिअर-अवरची एकच लेड-ॲसिड बॅटरी, घरच्या इन्व्हर्टरला असते तशीच. 12 गुणिले 150 म्हणजे 1,800 वॅट-तास, वीजबिलाच्या भाषेत 1.8 युनिट. ही बॅटरी निम्म्याच्या खाली उतरवली की तिचं आयुष्य झपाट्याने घटतं, म्हणजे हाती राहिलं 0.9 युनिट. इन्व्हर्टर त्यातले दहा-पंधरा टक्के खातो. एक टनाचा एसी तासाला साधारण एक युनिट घेतो आणि एवढ्या उकाड्यात त्याचा कॉम्प्रेसर मधे थांबतच नाही. हिशेब पाऊण तासावर संपतो. छतावरच्या 300 वॅटच्या सोलर पॅनलने दिवसभरात फार तर सव्वा ते दीड युनिट मिळतं, तेही पॅनल धुतलेलं असेल आणि गाडी उन्हात उभी असेल तर. माणसं मात्र झाडाची सावली शोधून गाडी लावतात, तेव्हा तेवढंही मिळत नाही. एसी रात्रभर चालवायचा तर चार ते पाच युनिटच्या लिथियम बॅटऱ्या आणि किमान 2 केव्हीएचा इन्व्हर्टर लागतो, आणि तेही गाडीच्या भिंतीत चांगलं इन्सुलेशन असेल आणि कॉम्प्रेसर मधेमधे थांबत असेल तर.

गाडी भाड्याने देणारा विक्रेता ती दाखवताना इंजिन चालू ठेवतो. पाच मिनिटांत गार वारा आला की गिऱ्हाईक खूश. तुम्ही दुपारी दोन वाजता जा, गाडी उन्हात लावायला सांगा, किल्ली काढून हातात घ्या आणि दारंखिडक्या बंद करून एसी एक तास चालवा. बॅटरीचा डबा उघडायला लावून त्यावरचा व्होल्ट-अँपिअरचा शिक्का वाचा, फोटो काढा. 12 व्होल्टवर एसी चालताना 90 अँपिअरच्या आसपास करंट वाहतो. त्याला निदान 25 चौरस मिलिमीटरची जाड केबल लागते. करंगळीपेक्षा बारीक वायर दिसली तर ती तापते, तिचं इन्सुलेशन वितळतं आणि आग तिथूनच लागते. सोलर जोडलेलं आहे की नुसतं दाखवायला बसवलंय, हे ओळखायला पॅनलवर चादर टाका. पॅनलमधून बॅटरीत किती वीज जाते ते दाखवणाऱ्या चार्ज कंट्रोलरचा आकडा खाली आला नाही तर जोडणी नाही.

‘मुक्कामी प्लग लावला की झालं’ असंही सांगतात. त्यासाठी 16 अँपिअरचं सॉकेट, अर्थिंग आणि 2.5 चौरस मिलिमीटरची वीसेक मीटर केबल लागते. गावाकडे भारनियमन आणि कमी दाब आहेच. व्होल्टेज 170-180 वर आलं की एसीचा कॉम्प्रेसर नुसता गुरगुरतो, सुरू होत नाही. ठरलेली जागा म्हणून जी दाखवली, ती नळदुर्गच्या रस्त्यावरच्या एका ढाब्यामागची मोकळी जमीन होती. ढाबेवाल्याला यातलं काही माहीत नव्हतं. मुक्कामाच्या प्रत्येक जागेच्या मालकाचा नंबर मागा आणि स्वतः फोन करून वीज, पाणी, संडास आणि रात्रीची राखण विचारा. नंबर द्यायला टाळाटाळ झाली तर बुकिंग झालेलंच नाही, असं धरा.

पाण्याचं तसंच. 150 लिटरची टाकी 20 लिटरच्या पाच जारांत भरून वाहू लागली, म्हणजे 100. चौघांनी जपून आंघोळ केली तरी माणशी 15 लिटर, म्हणजे 60 तिथेच गेले. भांडी आणि स्वयंपाक धरला तर टाकी रोज भरावी लागते. हा मे महिना आहे आणि हा मराठवाडा आहे. 2016 च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. गावच्या हातपंपावर घागरींची रांग असताना तिथे पाइप लावून टाकी भरू नका. टँकरवाल्याला किंवा बोअर असलेल्या शेतातल्या आखाड्याच्या मालकाला आधी विचारून, पैसे देऊन घ्या. सांडपाण्याची टाकी पुढे-मागे कुठेही रिकामी करा, हा विक्रेत्याचा सल्ला ऐकू नका. कॅसेट टॉयलेट, म्हणजे मैल्याची टाकी काढून नेता येणारं टॉयलेट, सेप्टिक टँक असलेल्या संडासातच, परवानगीने रिकामं करायचं.

गाडीच्या नंबरप्लेटचा रंग आम्ही पाहिला होता, अर्थ लावला नाही. पांढऱ्या पाटीवर काळी अक्षरं म्हणजे खासगी गाडी. ती भाड्याने देता येत नाही. ड्रायव्हरसह भाड्याच्या गाडीला पिवळी पाटी काळी अक्षरं, स्वतः चालवायच्या भाड्याच्या गाडीला काळी पाटी पिवळी अक्षरं. ‘कुणी अडवलं तर नातेवाइकांची गाडी आहे सांगा’ हे वाक्य ऐकलं की तिथूनच परत फिरा, कारण अपघात झाला तर खासगी वापराचा विमा दिलेली कंपनी भाड्याच्या वापरावर बोट ठेवून दावा नाकारू शकते. एम-परिवहन ॲपवर नंबर टाकून गाडीचा वर्ग, फिटनेस आणि विम्याची मुदत बघा. टेम्पो ट्रॅव्हलर कापून पलंग-ओटा बसवलेला असेल आणि आरसीवर कॅम्पर व्हॅन किंवा मोटर कॅराव्हॅन नोंद नसेल, तर तो बदल आरटीओच्या मंजुरीशिवायचा आहे. राज्याचं कॅराव्हॅन पर्यटन धोरण 2021 चं. त्याचं नाव घेऊन ‘मान्यताप्राप्त’ म्हणणाऱ्याकडून प्रमाणपत्राची प्रत मागा.

टायरच्या बाजूवर चार आकडे कोरलेले असतात. 2318 म्हणजे 2018 सालचा तेविसावा आठवडा. सहा-सात वर्षांचा टायर, भरलेली गाडी आणि तापलेला डांबरी रस्ता यांत टायर फुटण्याचा धोका मोठा. स्टेपनीचाही आकडा वाचा. गॅस शेगडी असेल तर नळीच्या जोडावर साबणाचा फेस लावा. एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने खाली साचतो, म्हणून सिलिंडरच्या कप्प्याच्या तळाशी बाहेर उघडणारं भोक हवंच. आमच्या गाडीत ते नव्हतं. पलंगाखाली घरगुती लाल सिलिंडर होता.

एक सोपी परीक्षा: विक्रेत्याकडून दिवसवार आखणी लिहून घ्या. वेरूळ मंगळवारी आणि अजिंठा सोमवारी बंद असतं. अजिंठ्याला खासगी गाडी लेण्यांपर्यंत जात नाही, फर्दापूर फाट्यावर लावून एसटीच्या बसने जावं लागतं. त्याने वेरूळ मंगळवारी घातलं असेल आणि ‘गाडी थेट लेण्यांपाशी’ म्हणाला असेल, तर मुक्कामाबद्दलचं त्याचं बोलणंही तेवढ्याच किमतीचं.

अनामत कशी कापली, तेही बघा. गाडी पुण्याहून आणली म्हणून जाण्या-येण्याचे 470 किलोमीटर, 18 रुपयांनी 8,460. ‘गॅरेज टू गॅरेज’ हे तीन शब्द करारात बारीक अक्षरांत होते. जुन्या ओरखड्याचे 7,000, एसीच्या गॅसचे 4,500, टॉयलेट सफाईचे 2,500. ताबा घेतानाच ओडोमीटर, डिझेलचा काटा, चारही बाजू, छत, टायर आणि आतली प्रत्येक वस्तू यांचा सलग व्हिडिओ काढा, त्यात विक्रेत्याचा आवाज येऊ द्या आणि तिथेच त्याला व्हॉट्सॲपवर पाठवा. किलोमीटर कुठून मोजणार, दिवस 24 तासांचा की तारखेचा, सफाईचा दर किती आणि अनामत किती दिवसांत परत, हे करारात लिहून घ्या. संध्याकाळी सात वाजता ताबा देऊन तो पूर्ण दिवस मोजणारे आहेत. पैसे व्यवसायाच्या खात्यावर आणि पावतीवरच द्या. भावाच्या किंवा ड्रायव्हरच्या यूपीआयवर नकोत.

ॲडव्हान्स घेऊन माणूस गायब झाला तर 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करा. पैसे पुढे सरकण्याआधी खातं गोठवता आलं तरच काही हाती लागतं. सेवेतल्या फसवणुकीसाठी ग्राहक हेल्पलाइन 1915. तिथे निभावलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यातही करता येते, दिलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर फी नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे. जाहिरातीचे स्क्रीनशॉट, करार, पावत्या, बॅटरीच्या शिक्क्याचा फोटो आणि ताबा घेतानाचा व्हिडिओ जोडा. विक्रेत्याचं चॅट तोवर पुसू नका. जाहिरातीचे स्क्रीनशॉट मात्र प्रवासाला निघण्याआधीच काढून ठेवा, कारण तक्रारीचा सुगावा लागताच ‘रात्रभर एसी’चं पान काढून टाकतात.