रेशनला अंगठा दिला की पावती मागाच

माझ्या आत्याचं अंत्योदयचं पिवळं कार्ड आहे. विधवा आहे, एकटीच राहते, दुसऱ्यांच्या रानात खुरपायला जाते. अंत्योदयला कार्डामागं महिन्याला 35 किलो धान्य, घरात माणूस एक असो की दहा, आणि जानेवारी 2023 पासून ते पूर्ण फुकट आहे. पण दुकानदार तिला जेमतेम वीस-बावीस किलो घालायचा, वरून मालच कमी आलाय, एकटीला लागतं किती असं म्हणायचा, वर हमालीचे म्हणून पैसेपण घ्यायचा.

दिवाळीत गावी गेलो तेव्हा कार्डाचा बारा अंकी नंबर महाईपॉसच्या साइटवर (रेशनच्या मशीनवरची नोंद जिथं दिसते ती सरकारी साइट) टाकून बघितला तर दर महिन्याला 35 किलो उचल!! म्हणजे मशीनवर अंगठा पूर्ण मालाचा घेतलेला, आणि पावती कधीच नाही, विचारलं की रोल संपलाय.

तहसीलला पुरवठा शाखेत गेलो तर तिथल्या कारकुनाने तक्रार घ्यायच्या आधी दुकानदारालाच फोन लावला, संध्याकाळी तो आत्याच्या दारात, कार्ड बंद करीन म्हणून दम देऊन गेला. सगळ्यात जास्त राग मला याचा येतो. एकट्या दुकानदाराची हिंमत नाही होत हो, स्टॉक तपासणारे गप्प बसतात म्हणून हे चालतं. हे काही कुणाचे उपकार नाहीत, 2013 चा अन्नसुरक्षा कायदा आहे, त्याच्याआधी 2001 ला पीयूसीएल या नागरी हक्कांच्या संघटनेची केस सुप्रीम कोर्टात गेली ती घटनेच्या कलम 21 वरच, म्हणजे जगण्याच्या हक्कावर. म्हातारीच्या ताटातलं काढून घ्यायचं आणि तिलाच धमकी द्यायची??

तुमच्या घरचं कार्ड आजच साइटवर तपासा, स्क्रीनशॉट काढून ठेवा. 1967 या रेशनच्या हेल्पलाइनवर फोन करून तक्रार नंबर घ्या, आणि जिल्हा तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज द्या, पोच घेतल्याशिवाय हलू नका. माल खरंच आला नसेल तर अन्नसुरक्षा कायद्यातच कलम 8 खाली धान्याऐवजी पैशांत भत्त्याची तरतूद आहे, त्यामुळे "वरून आलं नाही" एवढ्यावर परत फिरू नका. कुणी पैसे मागितले तर लाचलुचपतवाल्यांचा नंबर 1064.

लेखी अर्ज गेल्यापासून आत्याला माल पूर्ण मिळतोय, पावतीसकट. मागच्या वर्षांचं धान्य मात्र गेलं ते गेलंच. गल्लीतल्या बाकी बायका अजून घाबरतात, त्यांच्या उचलीच्या प्रिंटा काढून सगळ्यांचा मिळून एकच अर्ज करतोय.