आठ हायड्रॉलिक टॅपेट, नऊ महिने आणि सकाळची टकटक

माझ्या जुन्या फोर्ड आयकॉन १.६ मध्ये गेल्या जूनमध्ये बसवलेल्या आठ हायड्रॉलिक टॅपेटांना (व्हॉल्व्हजवळची फट ऑइलच्या दाबाने आपोआप भरून काढणारे इंजिनातले छोटे भाग) आता नऊ महिने पूर्ण झाले असून त्यांच्यावर गाडी ८,४०० किलोमीटर चालली आहे. हा अनुभव मी खरे तर ऑक्टोबरमध्येच लिहायला घेतला होता आणि त्या मसुद्यात या टॅपेटांविषयी एकही चांगला शब्द नव्हता. तो मसुदा तसाच पडून राहिला, हे बरे झाले; कारण त्यातला निम्मा राग चुकीच्या वस्तूवर काढलेला होता. उरलेला निम्मा अजून शिल्लक आहे.

गाडी छत्रपती संभाजीनगरात रोज वापरात असते. इंजिन पूर्ण मूळ अवस्थेत नाही: कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा फिरता दांडा) घासून त्याची लिफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह जेवढा उघडतो ते माप, वाढवली आहे, एक्झॉस्टचा हेडर (धूर बाहेर नेणारा नळ्यांचा जोड) बदलला आहे आणि ईसीयूचे (इंजिनाच्या संगणकाचे) मॅपिंग त्यानुसार करून घेतले आहे. शर्यतीला नेण्याचा हेतू नाही. वाळूजला कामावर जावे, महिन्यातून एकदा जालन्याला जावे आणि कन्नडच्या औट्रम घाटात दुसऱ्या गिअरमध्ये गाडीने मनापासून ओढावे, एवढीच अपेक्षा होती. जुने टॅपेट मूळचे होते आणि आधीच्या वर्षांत मी ऑइल बदलण्यात केलेल्या चालढकलीमुळे झिजले होते. तो दोष गाडीचा नाही.

ज्यांनी हे इंजिन उघडलेले पाहिले आहे त्यांना ठाऊक असेल की यात टॅपेट कॅमखाली थेट बसत नाही. तो हेडमध्ये एका जागी स्थिर असतो, त्याच्या डोक्यावर फिंगर नावाच्या छोट्या तरफेचे एक टोक टेकते, दुसरे टोक व्हॉल्व्हवर असते आणि मधल्या रोलरवर कॅम फिरतो. टॅपेटच्या पोटातली छोटी स्प्रिंग आणि ऑइलचा दाब मिळून मधली फट शून्यावर ठेवतात, म्हणून फीलर गेज (फट मोजायच्या पात्या) घेऊन गॅप बसवण्याचे काम उरत नाही. हाताने गॅप बसवाव्या लागणाऱ्या सॉलिड टॅपेटांचा मोह मला काही दिवस झाला होता, पण रोजच्या गाडीत ठरावीक किलोमीटरनंतर कव्हर उघडून गॅप तपासत बसणे माझ्याच्याने होणार नाही, हे मी वेळीच ओळखले.

निवडीचा खरा प्रश्न घासलेल्या कॅममुळे निर्माण झाला आणि याविषयी फार कमी लोक बोलतात. कॅम घासून लिफ्ट वाढवतात तेव्हा त्याचा खालचा गोल भाग लहान होतो. माझ्या कॅमवर त्रिज्येत ०.६ मिलिमीटर कमी झाले होते. फिंगरच्या रचनेत रोलर साधारण मध्यावर असल्यामुळे ही घट टॅपेटच्या टोकाशी पोहोचेपर्यंत जवळपास दुप्पट होते, म्हणजे टॅपेटचा प्लंजर (आतला सरकता दट्ट्या) मूळच्यापेक्षा सुमारे १.२ मिलिमीटर जास्त बाहेर येऊन काम करू लागतो. त्याची धाव तेवढी शिल्लक नसेल, तर टॅपेट नवा कोरा असूनही फट राहते आणि आवाज येतो. आमच्या मिस्त्रींनी एक टॅपेट पूर्ण रिकामा करून बसवला, कॅमचा गोल भाग रोलरवर आणला, फिंगर हाताने दाबला आणि डायल गेजवर प्लंजर किती खाली जातो ते पाहिले. धाव पुरेशी उरली होती. मापाचे हे काम अर्ध्या तासाचे आहे. ते केल्याशिवाय घासलेल्या कॅमवर कुणी टॅपेट विकत घेऊ नयेत, असे माझे ठाम मत आहे. अमेरिकी व्ही-८ इंजिनांसाठी सांगितले जाणारे प्रीलोडचे (बसवतानाच प्लंजर किती दाबून ठेवायचा त्याचे) आकडे इथे लावू नयेत. ती बहुधा पुशरॉडची, म्हणजे कॅम खाली ठेवून लांब दांड्यांनी व्हॉल्व्ह उघडणारी इंजिने असतात आणि तिथली भूमिती वेगळी आहे.

आता पैशाकडे येतो. बाहेरून मागवावा लागणारा, जास्त आरपीएमसाठी (इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांसाठी) म्हणून विकला जाणारा संच २४,००० रुपयांना पडत होता. मूळ दर्जाचे टॅपेट प्रत्येकी १,१५० रुपये, म्हणजे आठांचे ९,२००. आणि एका दुकानदाराकडे, ज्याचे नाव मी लिहिणार नाही, डुप्लिकेट माल ४२० रुपयांना एक असा होता. मी अर्थातच तो घेतला. एप्रिलमध्ये बसवलेल्या त्या आठांपैकी दोन टॅपेट तीनच आठवड्यांत निकामी झाले. बाहेर काढून अंगठ्याने दाबल्यावर स्पंजासारखे आत जात होते. ऑइलने भरलेला चांगला टॅपेट अंगठ्याला जुमानत नाही, ही सर्वांत सोपी परीक्षा आहे आणि ती मी विकत घेण्याआधी नव्हे, नंतर शिकलो. दुकानदाराचे म्हणणे असे की एकदा बसवलेला माल परत होत नाही. मी तीन वेळा गेलो. तिसऱ्या वेळी त्याने फक्त दोन टॅपेटांचे ८४० रुपये मान्य केले, तेही रोख नाही, मालात. आणि मी त्या रकमेत १४० रुपयांचे सहा ऑइल फिल्टर उचलून विजयी मुद्रेने घरी आलो. हे सहा फिल्टर लक्षात ठेवावेत.

जूनमध्ये मूळ दर्जाचे आठ टॅपेट बसवले. ते रात्रभर ऑइलमध्ये बुडवून ठेवले होते, आणि बसवल्यावर मिस्त्रींनी अर्धा तास सेल्फ मारू दिला नाही, कारण भरलेला प्लंजर दाबाखाली हळूहळू खाली बसेपर्यंत व्हॉल्व्ह थोडे उघडे राहू शकतात. सोबत व्हॉल्व्ह स्प्रिंगही बदलल्या, आणि ते फार महत्त्वाचे ठरले. आधी ६,००० आरपीएमच्या पुढे इंजिन अडखळत असे आणि सगळे जण म्हणत की टॅपेट पंप-अप होतात, म्हणजे गरजेपेक्षा जास्त फुगून बसतात. होत होते, हे खरेच. पण थकलेली स्प्रिंग व्हॉल्व्हला कॅमबरोबर आणू शकत नाही, क्षणभर फट पडते, टॅपेट आपल्या स्वभावाप्रमाणे ती फट ऑइलने भरून टाकतो आणि मग व्हॉल्व्ह पूर्ण बंदच होत नाही. स्प्रिंगचे पाप टॅपेटच्या माथी मारले जाते. उलट गरजेपेक्षा कडक स्प्रिंग घातली तर ती टॅपेटमधले ऑइल लवकर पिळून काढते, म्हणून मूळपेक्षा थोडीच कडक घेतली. त्यानंतर औट्रम घाटात आणि समृद्धी महामार्गावर तासभर सलग १२० च्या मर्यादेत गाडी चालवूनही एकदाही अडखळ नाही. २४,००० रुपयांच्या संचाची गरज माझ्या वापरात नव्हती, एवढे यातून माझ्यापुरते स्पष्ट झाले.

तरीही मी समाधानी नव्हतो, कारण रोज सकाळी गाडी सुरू केल्यावर टकटक येत असे. जूनमध्ये पाच-सहा सेकंद, ऑक्टोबरमध्ये नऊ. मिस्त्री म्हणाले की एवढे चालायचेच. मला चालत नव्हते. ९,२०० रुपये मोजलेली वस्तू नऊ सेकंद वाजत असेल, तर मी प्रत्येक सेकंदाचे हजारभर रुपये ऐकत होतो. मी वही केली: तारीख, गाडी किती तास उभी होती, आवाज किती सेकंद. आमच्या भागात नळाला काही दिवसांआड पाणी येते आणि घरात त्याच्या तारखा सगळ्यांना पाठ असतात. मी एकटा टॅपेटचे सेकंद पाठ करत होतो. घाटातली ओढ, शांत आयडलिंग, सुधारलेला मायलेज, यांपैकी कशाचीही नोंद त्या वहीत नाही.

नोव्हेंबरमध्ये पहिला बदल ऑइलचा केला. तोवर २०डब्ल्यू-५० हे जाड ऑइल होते, कारण मिस्त्रींचा आग्रह होता, "पातळ ऑइल आपल्या उन्हात टिकत नसतंय, भाऊ." पण बाहेर ४३ अंश असोत की १२, थर्मोस्टॅट नीट असेल तर चालू इंजिनातले ऑइल बहुधा ९० ते १०० अंशांच्या आसपासच असते, फरक पडतो तो थंड सुरुवातीला. जाड ऑइल टॅपेटच्या बारीक वाटेतून पोहोचायला वेळ घेते. थंडीत पातळ राहणारे ५डब्ल्यू-३० भरले आणि त्याच दिवशी सहांपैकी दुसरा फुकटचा फिल्टर लावला. आवाज पाच सेकंदांवर आला, पण डिसेंबरची थंडी असूनही तिथेच अडला. वही पुन्हा चाळल्यावर मला दिसले की आकडा थंडीशी जुळत नव्हता. गाडी किती तास उभी होती त्याच्याशी जुळत होता. दुपारी दोन तास उभ्या गाडीत आवाज शून्य, रात्रभर उभ्या गाडीत पाच, रविवार धरून दोन रात्री उभ्या गाडीत सात.

म्हणजे ऑइल रात्रीतून कुठेतरी उतरून जात होते. जानेवारीत मी एक न वापरलेला फिल्टर हॅकसॉने कापला. चांगल्या फिल्टरमध्ये कडेच्या छिद्रांमागे रबराची एक चकती असते. इंजिन बंद झाल्यावर ती छिद्रे झाकते आणि फिल्टरमधले ऑइल मागे वाहू देत नाही. फिल्टर तोंड वर करून उभा असेल तर तिचे फारसे काम नसते, पण माझ्या गाडीत तो तिरका बसतो. माझ्या १४० रुपयांच्या फिल्टरमध्ये चकती होती, पण पुठ्ठ्यासारखी कडक आणि कडेला उचललेली. रोज सकाळी पंप आधी रिकामा फिल्टर भरत होता, मग गॅलरी (इंजिनातल्या ऑइलच्या वाटा), आणि शेवटी टॅपेट. तेवढा वेळ मी बॉनेटपाशी उभा राहून चुकीच्या वस्तूला शिव्या देत होतो. ज्या टॅपेटांच्या भांडणात मी जिंकलो होतो, त्याच भांडणाच्या भरपाईने पुढचा संच सात महिने वाजवला.

३४० रुपयांचा फिल्टर लावल्यापासून आवाज एक ते दोन सेकंद आहे. ऑक्टोबरच्या मसुद्यातले 'घेऊ नयेत' हे वाक्य मी मागे घेतो. मूळ दर्जाचे टॅपेट जरूर घ्यावेत, फक्त प्रत्येक नग ऑइलने भरून अंगठ्याने दाबून पाहावा. राग शिल्लक आहे तो तिसऱ्या सिलिंडरच्या एक्झॉस्ट बाजूच्या टॅपेटवर, जो गाडी तीन दिवस उभी राहिली की इतर सात गप्प झाल्यावरही एक सेकंद जास्त वाजतो. तो बदलायला १,१५० रुपये आणि मजुरी लागेल, म्हणून बदललेला नाही. पण त्याच्या नावाचा वेगळा रकाना वहीत आहे.

उरलेले तीन फिल्टर कपाटात आहेत. ते फेकून द्यायला मी दोनदा बाहेर नेले आणि दोन्ही वेळा परत आणून ठेवले.