शेल आणि घट्ट वालुकाश्म यांचा नमुनासंच: गोव्यातील वर्गासाठी एक परीक्षण

गोव्यात भूशास्त्र शिकणाऱ्या मुलांना जांभा, फिलाइट आणि लोहखनिजाचे पट्टेदार खडक लहानपणापासून ओळखीचे असतात. पण ज्या गाळाच्या खडकांत नैसर्गिक वायू तयार होतो आणि साठून राहतो, ते खडक त्यांना पुस्तकातल्या आकृतीपलीकडे सहसा पाहायला मिळत नाहीत. शेल (चिखल दबून बनलेला पापुद्र्यांचा खडक) आणि घट्ट वालुकाश्म या दोन प्रकारच्या वायूसाठ्यांवर बेतलेला शैक्षणिक नमुनासंच मिळतो असे कळल्यावर आमच्या प्रयोगशाळेसाठी तो मागवला तो याच कारणाने. एक पावसाळा त्याने आमच्याकडे काढला आहे, तेव्हा आता त्याविषयी नीट लिहिता येईल.

पेटीत मुठीएवढे दगड, प्रत्येक दगडाची सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याची काचपट्टी आणि एक पुस्तिका आहे. यातली सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे वालुकाश्मांची जोडी. एक नमुना साधा, सच्छिद्र वालुकाश्माचा आणि दुसरा घट्ट वालुकाश्माचा. पहिल्यावर पाण्याचा थेंब टाकला की तो पाहता पाहता आत जिरतो. दुसऱ्यावर तोच थेंब फुगीर राहतो आणि दगड कलता केला तर ओघळून जातो. नुसत्या डोळ्यांना दोन्हींचे कण जवळपास सारखेच दिसतात, त्यामुळे मुले बुचकळ्यात पडतात, आणि नेमक्या त्या क्षणी काचपट्ट्या समोर ठेवाव्यात. छिद्रांत निळे राळ भरून त्या तयार केल्या आहेत. पहिल्या पट्टीत कणांमधून निळ्या रंगाचे मोठाले ठिपके दिसतात. दुसरीत निळा रंग जेमतेम धाग्याएवढा उरतो. मूळ वाळूच्या गोल कणाभोवती धुळीची बारीक कडा आणि त्या कडेबाहेर नंतर वाढलेले क्वार्ट्झ इतके स्वच्छ दिसते की, वरच्या थरांच्या दाबाने कण एकमेकांत रुतले, मग क्वार्ट्झ, कॅल्साइट आणि इलाइटसारख्या मृद्खनिजांनी उरलेल्या जागा बुजवल्या, हा क्रम वेगळा समजावून सांगावा लागत नाही. ज्या वालुकाश्माची पार्यता, म्हणजे द्रव किंवा वायू आतून वाहू देण्याची क्षमता, 0.1 मिलिडार्सीपेक्षा (मिलिडार्सी हे पार्यतेचे एकक) कमी असते त्याला साधारणपणे घट्ट म्हणतात. हा आकडा मुले आजवर पाठ करत होती, आता त्यांना त्यामागचा खडक दिसतो.

शेलच्या नमुन्यांबाबत मात्र मत थोडे राखून द्यावे लागते. दामोदर खोऱ्यातल्या गोंडवना थरांतला शेल संचात आहे, ही निवड उत्तम. कोळशाच्या दोन समृद्ध थरमालिकांच्या मधल्या, बॅरन मेझर्स या मालिकेतल्या शेलमधूनच जानेवारी 2011 मध्ये ओएनजीसीच्या दुर्गापूरजवळच्या संशोधन विहिरीत, सुमारे 1,700 मीटर खोलीवर, वायू मिळाला होता. पण संचातला तुकडा जमिनीवर उघड्या पडलेल्या थरातला आहे. हवापाण्याने झिजलेल्या अशा दगडातला सेंद्रिय कार्बन बराच कमी झालेला असतो, त्याच्या पापुद्र्यांमध्ये खोलीवर नसणाऱ्या फटी पडलेल्या असतात, आणि पुस्तिका याविषयी एक ओळही लिहीत नाही. शेलची काचपट्टी तर जवळपास काळीकुट्ट दिसते. त्यात दोष कोणाचा नाही, कारण शेलमधली छिद्रे नॅनोमीटरच्या मापाची असतात आणि साध्या सूक्ष्मदर्शकाला ती दिसणे शक्यच नाही. त्यासाठी पुस्तिकेत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचे छायाचित्र दिले आहे, पण त्यावर मोजपट्टी नाही. जिथे सगळा विषयच आकारमानाचा आहे, पार्यता मिलिडार्सीच्या दहा लाखाव्या भागाच्या आसपास उतरते, तिथे मोजपट्टी गाळणे ही किरकोळ चूक मानता येत नाही.

याहून गंभीर उणीव पुस्तिकेच्या मांडणीत आहे. दोन्ही खडकांना तिने ‘कमी पार्यतेचे साठे’ अशा एकाच सदरात बसवले आहे. वास्तविक शेलमध्ये जनक खडक आणि साठ्याचा खडक एकच असतो; वायू जिथे जन्मला तिथेच, काही छिद्रांत मोकळा आणि काही सेंद्रिय द्रव्याला व मृद्खनिजांना चिकटून राहतो. घट्ट वालुकाश्मात तो शेजारच्या शेलमधून किंवा कोळशाच्या थरांतून, बहुधा फार लांब न जाता, आलेला असतो. त्यामुळे शोध घेताना शेलबाबत सेंद्रिय कार्बन किती, तो किती तापला, आणि खडक तडकण्याइतका ठिसूळ आहे का, हे आधी विचारावे लागते. वालुकाश्माबाबत जनक थर किती जवळ आहे आणि छिद्रे बुजण्याआधी वायू पोचला की नंतर, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. पुस्तिका सेंद्रिय कार्बन 2 टक्क्यांहून अधिक हवा एवढे सांगून थांबते. व्हिट्रिनाइटचे, म्हणजे खडकातल्या झाडांच्या अवशेषांचे, प्रकाश परावर्तन खडक जितका तापेल तितके वाढते; ते सुमारे 1.3 टक्क्यांच्या पुढे गेल्यावर सागरी शेलमध्ये प्रामुख्याने वायू उरतो, आणि तापमान फारच वाढले की तोही टिकत नाही, हे तिच्यात यायलाच हवे होते.

ही शेवटची पायरी दाखवणारा नमुना संचात नाही. तो आम्ही आमच्याच मातीतून भरून काढला. डिचोलीकडचा फिलाइट हाही एकेकाळचा चिखलच. मात्र तीनशे अंश सेल्सिअसच्या वरच्या तापमानातून गेल्याने त्याची मृद्खनिजे अभ्रकात आणि क्लोराइटमध्ये बदलली, आणि चिखलात जे काही सेंद्रिय द्रव्य असेल ते ग्रॅफाइटच्या वाटेला लागले. तो इतका पुरातन आहे की त्या काळी जमिनीवर झाडेच नव्हती, म्हणून त्यात व्हिट्रिनाइट शोधण्यात अर्थ नाही. शेलचा निस्तेज तुकडा आणि फिलाइटचा रेशमी चमक असलेला तुकडा शेजारी ठेवले, तेव्हा सत्तरी तालुक्यातल्या एका मुलीने गोव्याच्या जमिनीखाली असा वायू का सापडत नाही याचे उत्तर स्वतःहून दिले. गोव्यातल्या कोणत्याही शिक्षकाने हा संच घेतला तर ही भर अवश्य घालावी.

संच हाताळताना पावसाळ्याची काळजी घ्यावी लागते. ज्या तळाशी प्राणवायू नव्हता तिथे साचलेल्या शेलमध्ये पायराइट हे लोह आणि गंधकाचे खनिज असते, आणि दमट हवेत त्याचे ऑक्सिडीकरण होते. आमच्या एका नमुन्यावर श्रावणात पांढरट पिवळी बुरशीसारखी पूड आली आणि चिठ्ठीचा कागद आम्लाने खाल्ला. पेटीतले वेल्वेटचे अस्तर ओल धरून ठेवते. दगड काढून हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावेत आणि नमुन्याचे क्रमांक दगडावरच रंगाने लिहावेत.

किंमत एखाद्या महाविद्यालयाच्या वार्षिक अनुदानात बसण्याजोगी आहे. केवळ वालुकाश्मांच्या जोडीसाठी आणि त्यांच्या काचपट्ट्यांसाठीही मी हा संच पुन्हा घेईन. पुस्तिका मात्र बाजूला ठेवून शिकवेन. मागणी नोंदवताना विक्रेत्याकडून प्रत्येक नमुना कोणत्या थरातला, कोणत्या ठिकाणचा आणि किती खोलीवरचा, हे लेखी मागून घ्यावे. आम्हाला ही माहिती विचारल्यावर मिळाली, पण पेटीत ती नव्हती.